हंगामाआधी ट्रॅक्टरचे ब्रेक तपासा

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर आपण नेहमी बेणे निवड, खोडव्याची निगा, खताचे हप्ते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी वाचता. या खेपेला विषय जरा वेगळा घेतला आहे. "शेतकी खात्याच्या माणसाने ब्रेकवर कशाला लिहायचं? ते काम मेस्त्रीचं," असे कोणी म्हणेल. पण उसाचे काम फडात संपत नाही. मोळी गव्हाणीत पडली म्हणजे ते संपते. फड आणि गव्हाण यांच्यामध्ये रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर आपला माल, आपला ट्रॅक्टर आणि माणसे रात्रंदिवस चाललेली असतात.

तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे, हे आम्ही वारंवार सांगतो. ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडून राहिला की उसाचे वजन घटते आणि साखर उताराही घटतो. हे नुकसान पुढच्या खेपेला भरून काढता येईल. पण हंगामात त्याच रस्त्याने शाळेला जाणारी पोरे असतात, बाजाराहून परतणाऱ्या बायका असतात, सायकलवरची म्हातारी माणसे असतात. भरल्या ट्रॉलीपुढे त्यांच्यातले कोणी आले आणि ट्रॅक्टर थांबला नाही, तर ते नुकसान कशानेही भरून येत नाही.

अपघात झाल्यावर "ब्रेक फेल झाले" एवढेच सांगण्यात येते. एखादी नळी अचानक फुटली तर गोष्ट वेगळी. एरवी झिजणारा ब्रेक आठवडे आणि महिने आधीपासून सूचना देत असतो. पेडल खोल जाते, गाडी एका अंगाला ओढते, आवाज येतो, वास येतो. रोज थोडाथोडा फरक पडतो आणि चालवणाऱ्याच्या पायाला त्याची सवय होऊन जाते. विचारले तर तो म्हणतो, "लागतोय की ब्रेक, जरा दाबून मारायला लागतोय एवढंच." हे "जरा दाबून" म्हणजेच सूचना. ती ओळखायची कशी आणि ओळखल्यावर करायचे काय, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

ब्रेकचे काम कसे चालते?

ब्रेक म्हणजे दुसरे काही नाही, घासण्याची क्रिया आहे. फिरणाऱ्या ड्रमवर किंवा प्लेटवर लायनर दाबला जातो. घासल्यामुळे गती कमी होते आणि त्या गतीची उष्णता होते. म्हणून ब्रेक तापतो, आणि म्हणूनच लायनर झिजतो. तो झिजणारच. दोष झिजण्यात नाही, झिजलेला तसाच वापरण्यात आहे.

आपल्या भागातील ट्रॅक्टरांना साधारण तीन प्रकारचे ब्रेक आढळतात.

अ) ड्रम आणि शू : बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांना. ड्रमच्या आत लायनर लावलेले दोन शू बाहेर फाकतात.

ब) ड्राय डिस्क : कोरड्या प्लेटांचे ब्रेक. चिखल, पाणी किंवा तेल आत गेले की यांची पकड जाते.

क) ऑइल ब्रेक : तेलात बुडालेल्या प्लेटांचे ब्रेक. अलीकडच्या पुष्कळ ट्रॅक्टरांना हेच असतात. ते जास्त टिकतात, परंतु तेलाची पातळी आणि दर्जा बिघडला तर हेही बिघडतात. बाहेरून ते दिसत नसल्याने पेडलवरूनच अंदाज घ्यावा लागतो.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडले असतात, एक डाव्या चाकाचे आणि एक उजव्या चाकाचे. शेतात आखूड वळण घेण्यासाठी ही सोय आहे. रस्त्यावर आल्यावर मात्र दोन्ही पेडले कडीने जोडलीच पाहिजेत. न जोडता घाईत एकच पेडल दाबले गेले तर एकच चाक धरते, ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो, मागची भरलेली ट्रॉली त्याला ढकलते आणि सगळेच उलटते. कडी तुटलेली किंवा तारेने बांधलेली असेल तर हा अंक वाचून खाली ठेवताच ती बदलून घ्या.

वेग आणि वजनाचा हिशेब

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी २० किलोमीटर वेगाने ते जेवढे लागते, त्याच्या चौपट ४० च्या वेगाने लागते. शिवाय माणसाला दिसून पाय पेडलवर जाईपर्यंत एखादा सेकंद जातो. तेवढ्यात ४० च्या वेगाने गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते.

आता वजन बघू. ट्रॅक्टर २ टनांचा धरला आणि दोन ट्रॉल्या व ऊस मिळून १८ टन धरले, तर एकूण २० टन झाले. ट्रॉलीला ब्रेक नसतील तर हे सगळे वजन ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी थांबवायचे. पकड तेवढीच आणि वजन दहापट, म्हणजे थांबण्याचे अंतरही हिशेबाने दहापटीकडे जाते. नवेकोरे ब्रेक असताना ही स्थिती आहे. झिजलेल्या ब्रेकवर काय होईल ते ज्याने त्याने ताडून पाहावे. मोकळा ट्रॅक्टर अंगणात झटकन थांबतो, म्हणून ब्रेक चांगले आहेत असे समजणे किती फसवे आहे, हेही यावरून कळेल.

झिजलेला ब्रेक कसा ओळखाल?

१) पेडल खोल जाणे : पेडल थोडे मोकळे दबून मग ब्रेक धरू लागतो. हा मोकळा दाब किती असावा हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. लायनर झिजेल तसा तो वाढत जातो. दर आठवड्याला पट्टी लावून मोजा. दोन्ही पेडलांचे माप सारखे हवे. वाढले असेल तर रॉडवरच्या नटाने जुळवून घेता येते. मात्र वारंवार जुळवावे लागत असेल, किंवा नट शेवटापर्यंत आला असेल, तर लायनर संपला असे समजा.

२) एका बाजूला ओढणे : ब्रेक लावल्यावर ट्रॅक्टर डावीकडे किंवा उजवीकडे ओढत असेल तर एका चाकाचा ब्रेक कमी धरतो आहे. कारणे अशी : जुळणी सारखी नाही, एका बाजूचा लायनर जास्त झिजला आहे, किंवा एका बाजूला तेल-ग्रीस लागले आहे. शेतात नेहमी एकाच बाजूला वळणाऱ्या ट्रॅक्टरचा त्या बाजूचा ब्रेक आधी झिजतो.

३) आवाज : किंचाळल्यासारखा बारीक आवाज धूळ, ओलावा किंवा लायनर गुळगुळीत होऊन चकाकल्यामुळे येतो. खर्र-खर्र असा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला तर लायनर संपून रिवेट किंवा पत्रा ड्रमला लागतो आहे. मग एक खेपही करू नये. लायनर थोडक्यात बदलतो. ड्रमला चरे पडले की ड्रमचाही खर्च अंगावर येतो. ऑइल ब्रेकमधून कुरकुर किंवा थरथर आली तर तेल जुने झाले आहे किंवा भलत्या दर्जाचे भरले आहे, असा संशय घ्यावा.

४) वास आणि ताप : जळका वास, ड्रममधून धूर, किंवा खेप झाल्यावर एक बाजू दुसरीपेक्षा फार गरम लागणे, ही ब्रेक सुटत नसल्याची खूण आहे. हात टेकवून बघू नका, भाजेल. तळहात थोडा दूर धरला तरी फरक कळतो. ब्रेक सारखा चिकटून राहिला तर लायनर भराभर झिजतो आणि डिझेलही जास्त जळते.

५) पेडल मऊ लागणे : ब्रेक ऑईलवर चालणाऱ्या ब्रेकला ही खूण लागू आहे. पेडल फुग्यावर पाय ठेवल्यासारखे लागले तर नळीत हवा आहे. पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली जात राहिले, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलेंडरचे रबर गेले आहे. दोन-तीनदा पंपिंग केल्यावर ब्रेक लागतो म्हणून त्यावर दिवस काढू नयेत.

६) पेडल थरथरणे : ब्रेक लावताना पाय हादरत असेल तर ड्रम अंडाकृती झाला आहे किंवा प्लेट वाकडी झाली आहे. अतिशय तापून एकदम पाणी पडले की असे होऊ शकते. तापलेल्या ड्रमवर बादलीभर पाणी ओतण्याची सवय सोडा.

७) हँडब्रेक न धरणे : हलक्या उतारावर मोकळा ट्रॅक्टर हँडब्रेकवर उभा राहत नसेल, तर भरल्या ट्रॉलीसह तो चढावरच्या रांगेत कसा उभा राहील? वजनकाट्यापुढच्या रांगेत ट्रॅक्टरमागे माणसे उभी असतात, हे ध्यानात ठेवा.

घरच्या घरी परीक्षा

मोकळ्या, सपाट, कोरड्या आणि माणसे नसलेल्या जागेत ट्रॉली सोडून ट्रॅक्टर घ्या. पेडले कडीने जोडा. ताशी १० ते १५ किलोमीटर वेगाने सरळ चालवून क्लच दाबा आणि ब्रेक लावा. मग उतरून मातीवरच्या खुणा पाहा. दोन्ही मागच्या चाकांच्या घसरल्याच्या खुणा सारख्या लांबीच्या हव्यात. एक लांब आणि एक आखूड असेल, किंवा एका चाकाची खूणच नसेल, तर जुळणी करून पुन्हा परीक्षा घ्या.

त्यानंतर पुढच्या चाकांना ठोकळे लावून मागची बाजू जॅकवर उचला आणि अॅक्सलखाली घोडी द्या. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका. पेडल सोडलेले असताना चाक हाताने सहज फिरले पाहिजे. ड्रमच्या आणि अॅक्सलच्या कडेला तेलाचा ओघळ आहे का, तेही याच वेळी पाहावे.

दुरुस्ती करताना

— लायनर नेहमी दोन्ही बाजूंचे एकाच वेळी आणि एकाच प्रतीचे बदलावेत. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवली की गाडी ओढणारच.

— रिवेटचे लायनर रिवेटच्या डोक्याजवळ आले की बदला. डोके ड्रमला लागेपर्यंत थांबू नका.

— लायनरला तेल लागले असेल तर आधी ऑइल सील बदला, मग लायनर. पेट्रोलने धुऊन तोच लायनर परत बसवला तर आत मुरलेले तेल तापल्यावर पुन्हा वर येते. चार खेपांत जैसे थे!

— ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुफ्फुसाला फार घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे आणि फडके टाकून द्यावे.

— ब्रेक ऑईलच्या टाकीत इंजिन ऑईल, डिझेल किंवा रॉकेल कधीही घालू नका. रबर फुगते आणि सगळी यंत्रणा बाद होते. काही ट्रॅक्टरांना वेगळ्या जातीचे तेल लागते, तेव्हा झाकणावरचे किंवा पुस्तिकेतले नाव वाचूनच तेल आणावे.

— काम झाल्यावर ट्रॉली न जोडता दोन-चार वेळा हळू वेगात ब्रेक लावून पाहा. मगच फडावर जा.

ब्रेक लवकर का झिजतात?

पुष्कळदा दोष यंत्राचा नसतो, पायाचा असतो. चालताना पेडलवर पाय टेकवून ठेवणे ही वाईट खोड आहे. पाय नुसता टेकला तरी ब्रेक किंचित धरलेला राहतो. दुसरी खोड हँडब्रेक न सोडता निघण्याची. तिसरी म्हणजे वेगात जाऊन शेवटच्या क्षणी करकचून ब्रेक मारण्याची. आधीच वेग कमी केला तर लायनर टिकतो, टायर टिकतो आणि मागची ट्रॉलीही अंगावर येत नाही.

ओढा किंवा पाण्याने भरलेला पाट ओलांडल्यावर, तसेच ओल्या फडातून बाहेर आल्यावर, थोडे अंतर हलका ब्रेक लावत हळू जावे. ओला लायनर तेवढ्यात वाळतो. चाकाला गुंडाळलेले पाचट आणि दोऱ्याही काढाव्यात, कारण त्यांनी ऑइल सील कापले जाते.

उतारावर ब्रेकपेक्षा गिअर मोठा

उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायचे, हा समज मोडून काढला पाहिजे. गिअरमध्ये उतरताना अॅक्सिलरेटर सोडला की इंजिनचा गव्हर्नर आपोआप डिझेल कमी करतो, आणि इंजिन स्वतःच गाडी आवरून धरते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापत जातो आणि फार तापला की लायनरची पकडच सुटते. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही.

साधा नियम असा : ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतार उतरा. गिअर उतार सुरू होण्याआधी टाका. मध्यावर गिअर बदलायला गेले आणि तो पडला नाही, तर गाडी मोकळी सुटते. उतारावर क्लच दाबून ठेवू नका. उताराला वळण असेल तर वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नव्हे.

ट्रॉलीकडेही बघा

ज्या ट्रॉल्यांना ब्रेक आहेत, त्यांच्या नळ्या, जोड आणि लायनर ट्रॅक्टरइतकेच तपासा. हवेवर चालणारे असतील तर टाकीत साचलेले पाणी रोज सोडा. नवी ट्रॉली करायला टाकणाऱ्या सभासदांनी ब्रेक बसवूनच घ्यावेत. ट्रॉली एकदाच होते आणि पुढे अनेक हंगाम चालते. जुन्या बिनब्रेकच्या ट्रॉलीला उपाय दोनच, वजन कमी आणि वेग कमी. दोन लाकडी ठोकळे ट्रॉलीला कायम बांधलेले असावेत, ऐन वेळी दगड शोधत फिरावे लागू नये. मागचे लाल दिवे आणि रिफ्लेक्टर हे मागून येणाऱ्याच्या ब्रेकसाठी आहेत. आपण दिसलो तरच तो थांबेल.

जीप, पिकअप आणि कार असणाऱ्यांसाठी

बहुतेक गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. पुढच्या पॅडचे घर्षणाचे अस्तर ३ मिलिमीटरच्या आसपास आले की पॅड बदलावेत. काही पॅडना पत्र्याची पट्टी असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. हा आवाज मुद्दाम ठेवलेला आहे, रेडिओ मोठा करून तो घालवू नका. पॅड झिजतो तशी ब्रेक ऑईलची पातळीही थोडी उतरते, तेव्हा नुसते वरून तेल न घालता पॅड पाहा आणि गळती पाहा.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते आणि मग कमी तापमानाला उकळते. डॉट ३ प्रकारचे ताजे तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये अशी अट आहे. ओलावा शोषलेल्या त्याच तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. घाटात तेल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी, किंवा पुस्तिकेत सांगितले असेल तसे, तेल बदलावे. नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबून घ्या, आणि पहिले २००-३०० किलोमीटर करकचून ब्रेक टाळा. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले आहे. त्याने चाक जाम होत नाही, परंतु झिजलेल्या पॅडला त्याने पकड येत नाही.

ब्रेक लागलाच नाही तर?

घाबरून न्यूट्रल करू नका आणि उडी टाकू नका. अॅक्सिलरेटर सोडा, गाडी गिअरमध्येच राहू द्या. ब्रेक ऑईलचे ब्रेक असतील तर पेडल भराभर पंप करा. हँडब्रेक एकदम न खेचता हळूहळू ओढा. हॉर्न वाजवत राहा. स्टिअरिंगला हिसका न देता चढाकडे, मऊ रानाकडे किंवा झुडपाकडे गाडी न्या. उसाची ट्रॉली गेली तरी चालेल, पण माणसाकडे जाऊ देऊ नका.

रोज सकाळी, दहा मिनिटे

१) दोन्ही पेडलांचा मोकळा दाब सारखा आहे का? २) कडी जोडली का? ३) चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ आहे का? ४) ब्रेक ऑईल किंवा गिअरबॉक्सचे तेल पातळीवर आहे का? ५) हँडब्रेक धरतो आणि पुरता सुटतो का? ६) ठोकळे ट्रॉलीला आहेत का? ७) मागचे दिवे लागतात का?

हे सात प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चिकटवा. ट्रॅक्टर दुसऱ्याच्या हाती देत असाल तर ड्रायव्हरला वाचून दाखवा. "ब्रेक जड लागतोय" असे त्याने सांगितले तर "एवढी खेप कर, मग बघू" असे म्हणू नका. मालकाने असे म्हटल्यावर ड्रायव्हर पुन्हा सांगायचे सोडून देतो. त्याने सांगितल्याबद्दल त्याला शाबासकी द्या आणि ट्रॅक्टर त्याच दिवशी मेस्त्रीकडे लावा. एक खेप चुकली तर ऊस दुसऱ्या दिवशी जाईल.

तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. हंगाम सुरू झाला की मेस्त्रीच्या दारात रांग लागते आणि घाईत काम कच्चे होते. आत्ता, मोळी पडण्याआधी, सवड आहे. तेवढ्यात ब्रेक उघडून पाहून घ्यावेत, ही सर्व वाहनधारक सभासदांना आग्रहाची विनंती.